तिघी दगडावर झोपतात

४ मे

चष्म्याच्या दुकानातल्या बाईस,

तुझं पत्र दगडाच्या कारखान्यावर मिळालं. पहिली गोष्ट, मला ताई म्हणू नकोस. मी कुणाची ताई नाही. तू माझ्या नवऱ्याची दुसरी बायको. तू माझी कोण लागतेस त्याला आपल्याकडे एक शब्द आहे, पण तो मी पहिल्याच पत्रात लिहीत नाही.

दुसरी गोष्ट. हे पत्र तूच लिहिलंस कशावरून? अक्षर फार सुबक आहे. तो पहिल्यापासून स्वतःचे अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. अकरा महिने झाले त्याला पिंजरा उचलून जाऊन. टीव्ही नेला नाही, कपाट नेलं नाही, निम्मे कपडे टाकून गेला. पिंजरा मात्र छातीशी धरून नेला, जसा काही रोज तोच त्यांची घाण काढत होता. मला कुठे लागेल ते त्याला पक्कं ठाऊक होतं. अकरा महिन्यांत कुणाला माझी आठवण झाली नाही, आणि आता ऊन वाढल्यावर तू विचारतेस पिंजऱ्यातल्या त्या खारीएवढ्या डेगूंना थंड कसं ठेवायचं? मला तर वाटतं, जनावरं कधीच मेलीत आणि तुम्ही दोघं मिळून माझ्याकडून काहीतरी लिहून घेताय. उद्या म्हणाल, बघा, हिनंच असं करायला सांगितलं होतं.

म्हणून आधी तीन प्रश्न. यांची उत्तरं रोज पिंजऱ्यात हात घालणाऱ्यालाच येतील. त्याला येणार नाहीत. एक, त्यांचे दात कुठल्या रंगाचे? दोन, अर्धी शेपूट कुणाला आहे? तीन, सकाळी दार उघडलं की आधी कोण पुढे येते आणि काय करते?

जनावरांनी माझं काही वाकडं केलेलं नाही म्हणून एवढं आत्ताच सांगते. अंगावर पाणी टाकायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही. पंखा तोंडावर सोडायचा नाही. पिंजरा खिडकीपाशी असला तर उचल आणि जमिनीवर ठेव, घरात सगळ्यांत गार फरशी असेल तिथे. पायातली चप्पल काढून खोलीभर चाल, कुठे गार आहे ते पाय सांगतील.

फोन नको, तो फोन बघतो, म्हणतेस. माझाही बघायचा. पण तू खरं बोलतेस असं यावरून ठरत नाही.

दगडवाली
(तो मला हेच म्हणायचा. तुलाही सांगितलं असेलच.)


८ मे

ताई म्हणू नका म्हणालात, म्हणून नुसता नमस्कार.

एक. दात नारिंगी आहेत. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा घाबरले, वाटलं काहीतरी रोग आहे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, घाण खातात म्हणून तसे होतात. दोन. शेपूट अर्धी आहे ती सगळ्यांत लहान, भुऱ्या कानांची. तीन. आधी येते ती जाडी. माझ्या करंगळीचं नख पुढच्या दातांनी हळूच कुरतडते आणि खायला नाही असं कळलं की तोंड फिरवून जाते. तिसरी, पाठीवर पांढुरकी झालेली, कोपऱ्यातच बसते आणि मी गेले की डोळा बारीक करून बघते. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मला तिचीच आठवण झाली. राग मानू नका.

आता मीही एक विचारते. हे म्हणतात, शेपटीवर पिंजऱ्याचं दार तुम्ही पाडलंत. रागाच्या भरात. खरं काय ते लिहा. कारण तुमचं ऐकून मी या जिवांना काही करायचं म्हणजे मलाही तुमची खात्री हवी.

आमचं घर सगळ्यांत वरच्या मजल्यावर आहे. वर नुसता स्लॅब. मी दुकानातला थर्मामीटर दोन दिवसांपूर्वी घरी नेऊन ठेवला. दुपारी चारला चौतीस होतं. मी दहाला निघते ती रात्री आठला येते. हे मीटर रीडिंगची फेरी संपवून दोनला घरी येतात, म्हणजे दुपारी तेच असतात. मी खिडकी उघडी ठेवून जाते, आले की बंद असते. वास येतो म्हणतात. तुम्ही म्हणालात तसं मी अनवाणी चालून पाहिलं. स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधली फरशी गार आहे. पिंजरा तिथे ठेवला आहे.

प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून आत ठेवलं होतं. एका दिवसात फडकं आणि बाटली दोन्ही कुरतडून ठेवली. आता काय करू?

पत्र दुकानाच्याच पत्त्यावर पाठवा.

चष्मेवाली


११ मे

चष्मेवाली,

उत्तरं बरोबर आहेत. म्हणजे जनावरं जिवंत आहेत आणि तू त्यांना हात लावतेस, इतकं मी मानते. याच्या पुढे काही मानलेलं नाही.

शेपटीचं ऐक. माझ्याकडे नावाची पाटी करून घ्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं, ते गाव सोडून चाललं होतं. त्याच्या तीन डेगू कुणी घेईना. लोक म्हणत, उंदीर कशाला पाळायचे? मी घेतल्या. खारीएवढं अंग, उंदराचं तोंड, शेपटीला झुबका, आणि बोलतात किती! आल्या त्याच आठवड्यात लहानी बाहेर सुटली आणि यानं तिला शेपटीला धरून उचललं. डेगूची शेपूट धरली की कातडी मोज्यासारखी निघून येते. नुसतं हाड राहतं, मग ती स्वतःच ते तोडून टाकते. मी तिच्याजवळ बसून होते, हा बाहेर जाऊन चहा पिऊन आला. दार मी पाडलं म्हणतो का? म्हणू दे. तू कुणाचं खरं मानायचं ते तू बघ. तिची शेपूट नीट बघितलीस तर दार पडल्यासारखी चेपलेली नाही, टोकाला निमुळती आहे.

तिला मी तुटकी म्हणते. जाडी ती हावरी. पांढुरकी ती म्हातारी, तिला सातवं वर्ष लागलंय. ऊन तिलाच आधी मारेल. ती आडवी पडून पाय पसरायला लागली, कान लाल झाले, तोंडाला लाळ आली, तर समज वेळ संपत आली.

प्लास्टिक पिंजऱ्यात ठेवतात का गं? कळत नाही तर विचारायचं तरी. पोटात तुकडा गेला तर आतडं अडतं. फडकंही नको. स्टीलच्या डब्यात पाणी गोठव, घट्ट झाकणाच्या, आणि पिंजऱ्याच्या बाहेर टेकवून ठेव. त्यांना हवं तर त्या येऊन बसतील, नको तर लांब जातील. माणसासारखं नाही त्यांचं, नको असेल तिथून सरळ उठून जातात. फळ देऊ नकोस, कितीही ऊन असो. साखर त्यांना सोसत नाही, आंधळ्या होतात. तव्यावर तापवून गार केलेली बारीक वाळू एका ताटलीत दे, त्यात लोळतात, त्यांची तीच आंघोळ.

आमची गाडी उद्या तुमच्या बाजूला पाट्या पोचवायला येतेय. ड्रायव्हरकडे एक दगड देते, दुकानात घे. संगमरवराचा तुकडा आहे, दोन वीत लांब. मी वीस वर्षं दगड घासते. दगड गार आहे की नाही हे हातानं कळत नाही, हात खोटं बोलतो. गाल लावायचा. हा मी गालाला लावून निवडलाय. त्याच्यावर पोट टेकून पडतील.

आणखी एक. तुझ्या पाकिटाचा डिंक दोनदा लावल्यासारखा दिसत होता. मधे कुणी उघडतं का? मी या पाकिटात माझा एक केस घालते. मिळाला की नाही ते लिही.

दगडवाली


१५ मे

नमस्कार.

केस मिळाला. पांढरा आहे. हे म्हणायचे तुम्ही केस रंगवता.

डिंक मीच दोनदा लावला होता. आधी पत्र लिहिलं, चिकटवलं, मग पुन्हा उघडून शेपटीचं विचारलं.

दगड तेरा तारखेला मिळाला. घरी पोचवताना रिक्षात घालावा लागला, फार जड आहे. ह्यांनी विचारलं कुठला, मी म्हटलं दुकानात लेन्स ठेवायचा जुना होता. तिघी दगडावर झोपतात. तुटकी तर तो चाटते. सारखी चाटत असते, खूप आवडलेला दिसतो. तुम्ही त्याला काही लावलं आहे का?

तुमचं शेपटीचं वाचलं. मी नीट बघितली.

चष्मेवाली


१७ मे

दगड काढ.

पत्र हातात पडल्या पडल्या लिहितेय. आधी दगड काढ, मग पुढचं वाच.

चाटते म्हणालीस तिथे मी हातातलं काम टाकलं. आमच्याकडे शेवटची चकाकी आणायला एक पांढरी पावडर लागते, आंबट असते. पाण्यात कालवून नमद्यानं, म्हणजे लोकरीच्या जाड तुकड्यानं, घासायची. ती पोटात गेली तर माणसाची किडनी जाते, एवढ्याशा जिवाचं काय? म्हणून गिऱ्हाइकाचा दगड आम्ही तीन पाण्यांनी धुतो आणि धुतला की पाठीवर खडूनं फुली मारतो. फुली असली की गाडीत चढवायचा. वीस वर्षं हेच. तुझ्या दगडाला मी फुली मारली हे मला आठवतंय. धुतला हे आठवत नाही. गाडी हॉर्न मारत होती, ड्रायव्हर बोंबलत होता, हाताला सवय होती, फुली मारून टाकली. गिऱ्हाइकाचा असता तर वहीत नंबर पडला असता आणि मुकादमानं विचारलं असतं, धुतला का? घरचा म्हणून कुणी विचारलं नाही. मीसुद्धा मला विचारलं नाही.

माझी चूक आहे. तुझ्यावर ढकलत नाही.

दुकानात फोन केला. तू नको म्हणालीस तरी केला, तीनदा. मालक म्हणतो बाई पंधरा तारखेपासून आलेली नाही, काही निरोपही नाही. मग पंधराचं पत्र कुठून टाकलंस? का येत नाहीस? तुझ्या घराचा पत्ता ना तू दिलास ना त्यानं. असता तर आत्ता बसमध्ये असते.

तिघींच्या दातांकडे बघ. पाणी किती पितात बघ. फार पीत असतील किंवा अजिबात पीत नसतील तर जनावरांच्या डॉक्टरकडे ने आणि सरळ सांग, पॉलिशची पावडर चाटली, दगडवाल्या बाईनं पाठवली. माझं नाव घ्यायला लाजू नकोस. आणि जे झालं असेल ते लिही.


२२ मे

दगड काढला. दोघी बऱ्या आहेत. काळजी नसावी.

आता पत्र पाठवू नका. दुकानात पत्रं आलेली मालकांना आवडत नाहीत. आमचं घर आम्ही बघू.


२५ मे

चष्मेवाली,

तू आजवर एकदाही दोघी लिहिलं नाहीस. तिसरी कुठे आहे?

ते पत्र मी जेवणाच्या सुट्टीत चार वेळा वाचलं. अक्षर तुझं आहे, पण तोंड त्याचं आहे. ‘काळजी नसावी’ हे त्याचं वाक्य, मला सोडून गेला त्या दिवशीही टेबलावर हेच लिहून ठेवलं होतं. तेही कुणाकडून लिहून घेतलेलं, म्हणजे तुझ्याच हातचं असणार. तुझं अक्षर ओळखीचं का वाटत होतं ते आता कळलं. बरं झालं वेळेवर कळलं नाही, नाहीतर दगड पाठवला नसता.

आणि पाठवला नसता तर बरं झालं असतं, असं रोज वाटतंय. मी आठ दिवस एकाही दगडाला गाल लावलेला नाही. मुकादम म्हणतो, काय गं, दगडाशी भांडलीस का? मी म्हटलं, तुझं काम बघ.

कोण गेली? म्हातारी? की चाटत होती ती तुटकी? माझ्या हातून गेली असेल तर मला लिही. आडून लिहू नकोस, बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. मला शिव्या द्यायच्या तर दे, त्यातल्या बऱ्याच मी ऐकलेल्या आहेत. पण मला ठाऊक नाही आणि मी उठतेय, बसतेय, काम करतेय, हे चालायचं नाही.

मालकाला आवडो न आवडो, मी पत्रं पाठवणार. रोज एक पाठवीन. तो कंटाळून तुला देईल.

दगडवाली


३० मे

हे पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनजवळ बसून लिहिते आहे. मालकांना सगळं सांगितलं आहे. त्यांना पत्रं आवडतात. ते वाक्य माझं नव्हतं.

म्हातारी गेली. तुमच्या हातून नाही. चौदा तारखेला गेली, म्हणजे मी तुम्हाला तिघी झोपतात असं लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी मी आठला आले तर गार फरशीवर त्याची गादी होती. पंखा तिकडे वळवलेला. पिंजरा त्यानं उचलून पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवला होता, काचेचं दार लावून. म्हणाला, मला दुपारी डोळा लागत नाही, आणि त्यांना तिथे वारा मिळतो. वारा! थर्मामीटर पिंजऱ्याला अडकवलेला होता, आठ वाजतासुद्धा एकेचाळीस दाखवत होता. म्हातारी आडवी होती. बाकीच्या दोघी तिच्या अंगाला टेकून बसल्या होत्या. मी त्या दोघींना उचलून आत आणलं, डबा टेकवला, दिवे बंद केले. त्या वाचल्या. मी चार दिवस कामावर गेले नाही, फरशीवर पिंजऱ्याला पाठ लावून बसले. तो म्हणाला, उंदरांसाठी रजा घेतेस?

दगडाच्या पाठीवरची तुमची खडूची फुली त्यानं आल्या दिवशीच ओळखली होती. तोच म्हणाला, त्या दगडानं झालं. तिनं दगडाला विष लावून पाठवलं, ती तशीच आहे. मला दोन क्षण खरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण दगड पिंजऱ्यात गेलाच नव्हता. मला तुमचा भरवसा नव्हता. जी बाई पहिल्या पत्रात तीन प्रश्न विचारते, तिनं पाठवलेली वस्तू मी अशी आत ठेवीन? आमच्या दुकानात नवी काच आली की आधी धुतो, मग उजेडात धरतो, मग हातात घेतो. दगड मी आल्या दिवसापासून मोरीत बादलीत बुडवून ठेवला होता. पाणी रोज बदलत होते. पहिल्या दिवशी पाणी पांढरट झालं. तेव्हा मला तुमचा संशय आला, आणि त्यानं विषाचं नाव घेतलं तेव्हा जास्तच आला.

म्हणून पंधराला मी ते पत्र लिहिलं आणि घराजवळच्या पेटीत टाकलं. तिघी झोपतात, तुटकी चाटते. दोन्ही खोटं. मला बघायचं होतं तुम्ही काय करता. मुद्दाम लावलं असेल तर गप्प बसाल, किंवा खूश होऊन लिहाल की चाटू दे. तुम्ही दगड काढ म्हणून लिहिलंत आणि चूक स्वतःच्या नावावर घेतलीत, डॉक्टरला कुणाचं नाव सांगायचं तेही लिहिलंत. मी ते पत्र इथे उभं राहून वाचलं आणि मग याच स्टुलावर बसले.

ते पत्र त्याला माझ्या पर्समध्ये सापडलं. बावीसचं पत्र त्यानं समोर उभं राहून लिहून घेतलं. ‘सगळ्या बऱ्या आहेत’ असं लिही म्हणाला. मी दोघी लिहिलं. त्यानं वाचलं आणि पाकीट चिकटवायला लावलं. एक गेल्यावर किती उरल्या, ते त्यानं मोजलंच नव्हतं.

तुम्ही मोजाल हे मला ठाऊक होतं.

हो, टेबलावरची ती चिठ्ठीही मीच लिहून दिली होती. तेव्हा तो म्हणाला होता, बाई अडाणी आहे, तिला मोठ्या अक्षरात लिही. त्याची लाज मला आज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

दोघींना मी तुमच्याकडे आणू का? इथे जून काढता येणार नाही. बुधवारी दुकान बंद असतं आणि तो दोनपर्यंत बाहेर असतो.

चष्मेवाली


२ जून

आण.

पहिली बस धर, सहाची. नंतरची नको, नऊनंतर बसचा पत्रा तापतो. पिंजरा मागे सामानात टाकू देऊ नकोस, कंडक्टर कितीही बोलला तरी. त्याला सांग, यांचं तिकीट काढते. सावलीच्या बाजूची जागा घे, म्हणजे इकडे येताना डावीकडची. पिंजऱ्यावर चादर टाक पण सगळीकडून झाकू नकोस, दोन बाजू उघड्या ठेव. भिजवलेली नको. पाण्याची बाटली सांडते, तिच्याऐवजी काकडीची एक चकती ठेव, तेवढी चालते. त्या ओरडतील. ओरडू देत, गप्प झाल्या तर मात्र बघ.

तो दोनला घरी येऊन पिंजरा नाही बघेल तेव्हा तू कुठे असशील, याचा विचार केलास का? मला विचारू नकोस, स्वतःला विचार. आणि खरंच येणार आहेस ना? की पुन्हा मी काय करते ते बघतेस? मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलीय. मुकादमाला कारण सांगितलं नाही.

म्हातारीचं कळलं. ती तिथे बाल्कनीत होती आणि मी इथे दगडाला शिव्या घालत होते.

तू दगड धुतलास ते बरं केलंस.

दगडवाली


१४ जून

चष्मेवाली,

बुधवारी तू दारात उभी होतीस आणि मी पिंजरा घेतला, आत ठेवला, आणि बाहेर येऊन तुला म्हटलं, बरं मग. हे माझं चुकलं. तीन तास बसमध्ये पिंजरा मांडीवर धरून आलेल्या बाईला पाणी विचारायचं असतं, एवढं चौथीपर्यंत शिकलेल्यालाही कळतं. पण मी तुला पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं होतं तू उंच असशील. आणि मनगटावर निळं दिसलं ते मी बघितलं नाही असं समजू नकोस. बघितलं, म्हणून बोलता आलं नाही. तू पदर ओढून घेतलास आणि बसची वेळ झाली म्हणालीस. परतीची बस साडेबाराची असते, तेव्हा दहा वाजले होते.

तू गेल्यापासून पत्र नाही. दुकानात फोन केला तर मालक म्हणाला येते, काम करते, बोलत नाही.

दोघी इथे बऱ्या आहेत. खालच्या मजल्यावर आहोत, मागे मोकळी भिंत, दुपारी अठ्ठावीसच्या वर जात नाही. हावरी माझं नख कुरतडून गेली, वर्षभरानं, जशी काही मी काल इथेच होते. तुटकी अजून लांब बसते. दोघींच्या मधे एकीची जागा मोकळी ठेवून झोपतात.

पण हे सगळं मी लिहितेय म्हणून तू खरं मानू नकोस. कशाला मानतेस? मी न धुतलेल्या दगडावर फुली मारणारी बाई. काय सांगावं, दोघी कशा आहेत आणि मी काय लिहितेय. तू तुझ्या डोळ्यांनी येऊन बघ. त्यांचे दात बघ, कान बघ, पाणी किती पितात मोज. एका दिवसात कळायचं नाही, जनावर एका दिवसात कळत नाही. आठ दिवस तरी लागतील. आठ कमी वाटले तर जास्त घे.

सहाची बस. बुधवारची वाट बघू नकोस. सामान जितकं आणशील तितकं आण, पण निघताना हातात बॅग दिसू देऊ नकोस. दुकानात ठेव, मालकाशी मी बोललेय, तो गाडीवर चढवून देईल. इथे आमच्या कारखान्याशेजारी काचेचं काम करणारा एक आहे, त्याला घासकाम येणारं माणूस लागतं. तुझं नाव काढलेलं नाही. फक्त लागतं का एवढं विचारून ठेवलंय.

स्टँडवर मी असेन. नसले असं तुला वाटलं तर खाली उतरून नीट बघ, मी हिरव्या खांबापाशी उभी असते.

दगडवाली